परदेशी निघताना पित्ताचं काय करायचं?

प्रश्न असा आला आहे: वय ३१, चाकणला गाड्यांच्या डिझाइनमध्ये नोकरी. चार वर्षांपासून पित्ताचा त्रास. रोज सकाळी पॅन्टोप्रॅझोल आणि डॉमपेरिडोनची एकत्र कॅप्सूल, एक दिवस चुकली तरी छाती जळते. दोन वर्षांपूर्वी दुर्बीण (एंडोस्कोपी) झाली, तीत ‘ग्रेड ए, लॅक्स एलईएस, माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस’ असं लिहून आलं. आता कंपनी दोन महिन्यांनी तीन वर्षांसाठी स्टुटगार्टला पाठवते आहे. आई म्हणते, वर्षभराच्या गोळ्या आणि सूतशेखर बरोबर ने. तिथलं खाणं मानवेल का, गोळ्या मिळतील का, नेमकं काय न्यावं?

वर्षभराच्या गोळ्या नेऊ नका, नेता येणारही नाहीत. जर्मनीत प्रवाशाला स्वतःपुरती साधारण तीन महिन्यांची औषधं बरोबर आणता येतात. ‘लागल्या तर मागाहून कुरिअर करू’ असं आईंच्या मनात असेल तर तेही आत्ताच सांगून टाका: युरोपबाहेरून टपालाने किंवा कुरिअरने एखाद्या माणसाने घरी औषधं मागवणं तिथे सहसा चालत नाही, पार्सल कस्टममध्ये अडकतं. आणि गरजही नाही. पॅन्टोप्रॅझोल मुळात जर्मनीचंच. कॉन्स्टान्स गावातल्या ब्युक गुल्डेन कंपनीने ते शोधलं आणि १९९४ मध्ये जर्मनीतच ते पहिल्यांदा बाजारात आलं. कॉन्स्टान्स आणि तुमचं स्टुटगार्ट एकाच राज्यात आहेत. २० मिलिग्रॅमची छोटी पाकिटं तिथल्या आपोथेकेत, म्हणजे औषधाच्या दुकानात, थोड्या दिवसांच्या वापरासाठी चिठ्ठीशिवाय मिळतात. ४० ला चिठ्ठी लागते. नोकरीवर जाताय म्हणजे आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून असणार. सरकारी पद्धतीचा विमा असेल तर चिठ्ठीवरच्या औषधामागे तुमच्या खिशातून पाच ते दहा युरो जातात.

तेव्हा गोळ्यांची काळजी सोडा. मला काळजी वाटते ती तुमच्या प्रश्नातल्या दोन शब्दांची. एक ‘पित्त’ आणि दुसरा ‘रोज’.

आपल्या मराठीत पित्त हा फार प्रशस्त शब्द आहे. छातीत जळजळलं की पित्त, आंबट पाणी घशाशी आलं की पित्त. उन्हातून आल्यावर अर्धं कपाळ ठणकतं, उजेड सोसत नाही, उलटी झाली की मोकळं वाटतं, तेही पित्त. खरं म्हणजे ती बहुतेक वेळा अर्धशिशी असते. अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच उठलं म्हणतात, आणि अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईंना मी अ‍ॅलर्जीची गोळी दिली की त्या माझ्याकडे संशयाने बघतात. पोट गच्च, ढेकर येत नाही, हेही पित्तात जमा. आणि शरीरशास्त्रातलं पित्त, जे यकृतात तयार होतं आणि पित्ताशयात साठतं, त्याचा या सगळ्याशी जवळपास काही संबंध नसतो.

इथे तुमचा डॉक्टर मराठी असतो, तो दोन प्रश्न विचारून कोणतं पित्त ते ओळखतो. तिथे तुम्ही ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणालात तर समोरच्याला नीटसा अर्थबोध होणार नाही. छातीच्या हाडामागे जळजळ होणं आणि ती वर सरकणं याला जर्मनमध्ये झोटब्रेनन म्हणतात. शब्द पाठ करून जा. त्याबरोबर चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: आठवड्यातून किती दिवस होतं, रात्री झोपेतून उठवतं का, वाकल्यावर वाढतं का, तोंडात आंबट-कडू पाणी येतं का. या चारांची उत्तरं ‘हो’कडे झुकत असतील तर तुमचं पित्त म्हणजे खरोखर आम्लाचं उलटं येणं, म्हणजे रिफ्लक्स. डोकेदुखी आणि उलटी हाच मुख्य त्रास असेल तर चार वर्षं तुम्ही चुकीच्या रोगाची गोळी खाताय. असे लोक मला नेहमी भेटतात.

आता दुर्बिणीचा रिपोर्ट. पंचवीस वर्षं मी स्वतः असे रिपोर्ट लिहीत आलोय, म्हणून आमच्या धंद्यातली गोष्ट उघड सांगतो. ‘माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस’ हे पुण्यात जवळजवळ प्रत्येक रिपोर्टात असतं. जठराच्या खालच्या भागात थोडी लाली दिसली की ते लिहिलं जातं आणि पेशंट ते घरी नेऊन जन्मभर सांभाळतो. ‘लॅक्स एलईएस’ म्हणजे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल आहे. वाचून माणूस घाबरतो, आपली झडप निकामी झाली म्हणतो. दुर्बिणीच्या वेळी आम्ही पोटात हवा भरतो, तेव्हा ती सैल दिसणं फार विशेष नाही. रिफ्लक्स असलेल्या बहुतेकांची झडप एरवी ठीक असते. ती गिळण्याशी संबंध नसताना अधूनमधून काही सेकंद उघडते. पोट तट्ट फुगलं की जास्त वेळा उघडते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सोडावॉटरच्या वेळी लागेल.

‘ग्रेड ए’चा अर्थ अन्ननलिकेच्या आतल्या त्वचेवर पाच मिलिमीटरपेक्षा लहान ओरखडे. ए ते डी अशी ही पट्टी आहे. सी आणि डी असेल तर वाद नाही, रोग पक्का. पण ए हा काहीही तक्रार नसलेल्या माणसातही सापडतो, त्यामुळे नुसत्या ए वरून तुम्हाला आयुष्यभराचा रिफ्लक्स आहे असं कोणी ठामपणे म्हणू नये. रिपोर्टच्या खालच्या कोपऱ्यात ‘आरयूटी’ असं काही लिहिलंय का पाहा. ती हेलिकोबॅक्टर या जंतूची चाचणी. पॉझिटिव्ह असून उपचार झाले नसतील तर ते निघण्याआधी उरका, साधारण दोन आठवड्यांचा कोर्स असतो. हा जंतू जळजळीचं कारण नव्हे, पण तो पोटात ठेवून वर्षानुवर्षं आम्ल दाबणाऱ्या गोळ्या घेणं बरं नाही. चाचणी नव्याने करायची असेल तर त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्रॅझोल बंद हवं, नाहीतर जंतू असून नाही म्हणून येतो.

तुमच्या कॅप्सूलमध्ये दोन औषधं आहेत आणि त्यांचा प्रवास वेगळा आहे. पॅन्टोप्रॅझोलचं सांगितलं. दुसरं डॉमपेरिडोन, बहुधा ३० मिलिग्रॅम, सावकाश सुटणारं. आपल्याकडे ही जोडगोळी चहाबरोबरच्या बिस्किटासारखी दिली जाते. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१४ मध्ये डॉमपेरिडोन फक्त मळमळ-उलटीसाठी, कमीत कमी मात्रेत आणि शक्यतो आठवडाभरच वापरावं असं ठरवलं, कारण काही लोकांत ते हृदयाचा ठोका बिघडवू शकतं. अमेरिकेत तर त्याला परवानगीच नाही. म्हणजे तुमची कॅप्सूल जशीच्या तशी तिथे कोणी लिहून देणार नाही. तिथला डॉक्टर साधं पॅन्टोप्रॅझोल देईल आणि तुम्हाला वाटेल की इथली औषधं ‘लागू पडत नाहीत’. हा सगळा गोंधळ पुण्यातच, आत्ताच संपवता येतो.

कसा, ते सांगतो. पण तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच करा, कारण मी तुमचा कागद पाहिलाय, पोट नाही. पहिले दोन आठवडे डॉमपेरिडोन काढा, नुसतं पॅन्टोप्रॅझोल ४० घ्या. बहुतेकांना फरक कळतही नाही. पुढचे दोन आठवडे २० वर या. तेही जमलं तर दिवसाआड, आणि मग लागेल तेव्हा. मध्ये कधी जळजळलं तर जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध घ्या. समुद्री शेवाळापासून केलेलं असतं, जठरातल्या अन्नावर तराफ्यासारखं तरंगतं आणि आम्लाला वर येऊ देत नाही. ते जर्मनीतही चिठ्ठीशिवाय मिळतं.

‘एक दिवस चुकली तरी जळते’ याने घाबरू नका. आम्ल दाबणारी गोळी महिनोन्‌महिने घेतली की शरीर आम्ल तयार करणाऱ्या यंत्रणेला जास्त जोराने हाकतं. गोळी अचानक थांबली की दाबून ठेवलेलं आम्ल उसळी मारतं. कधी काही रोग नसलेल्या धडधाकट माणसांना दोन महिने गोळ्या देऊन बंद केल्या, तर त्यांनाही जळजळ होते. ही उसळी काही आठवड्यांत ओसरते. पण त्या आठवड्यांत माणूस म्हणतो, बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही, आणि पुन्हा सुरू करतो. तुमची चार वर्षं यातच गेली असण्याची बरीच शक्यता आहे. म्हणून एकदम बंद करू नका, पायरीपायरीने उतरा. आणि हे विमानात बसण्याआधी करा. नवा देश, नवं घर, भाषा येत नाही, त्यात उसळी, असा महिना कोणाच्या वाट्याला येऊ नये. २० वरच थांबावं लागलं तरी बिघडत नाही, ती मात्रा तिथे तीन वर्षं घेता येईल. २० वरही रात्री उठवत असेल तर मात्र निघण्याआधी २४ तासांची पीएच तपासणी करून घ्या. नाकातून बारीक नळी घालतात, आठवडाभर गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, पण आम्ल खरंच किती वर येतं ते आकड्यात कळतं. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत होते. जर्मनीत पोटविकारतज्ज्ञाच्या वेळेसाठी कित्येक आठवडे थांबावं लागतं, इथे तुलनेने लवकर जमतं.

(रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या दुर्बिणीत सी, डी किंवा बॅरेट (अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल) असं आलंय त्यांनी, वरचा परिच्छेद वाचून स्वतःच्या मनाने काहीही कमी करू नये.)

गोळी घेता कशी, हे तुम्ही लिहिलं नाही. पुण्यात दहा जणांना विचारलं तर निम्मे सांगतात, ‘चहाबरोबर’, आणि मग नाश्ता अकराला किंवा नाहीच. ही गोळी जठरातले आम्लाचे पंप बंद करते, आणि ते पंप खाण्यानेच जागे होतात. अनशापोटी घ्यायची आणि अर्ध्या ते पाऊण तासाने खरोखर काहीतरी खायचं. न्याहारी करणारच नसाल तर पहिल्या जेवणाआधी घ्या. रात्रीच त्रास होत असेल तर रात्रीच्या जेवणाआधी. स्टुटगार्टची वेळ आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. त्याचा हिशोब मांडत बसू नका. पोहोचलात की तिथल्या सकाळी घ्या.

सूतशेखर आणि मंडळींबद्दल. आईंचा मान राखून सांगतो, सूतशेखर रसात शोधलेला, म्हणजे आयुर्वेदाच्या पद्धतीने शुद्ध केलेला, पारा असतो. जर्मन कस्टमच्या माणसाला त्याचं शोधन समजावून सांगायची तुमची तयारी नसेल तर घरी ठेवा. मोरावळा खुशाल न्या. साजूक तूप नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्याला दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, मग पेढेही आलेच. रॅनिटिडीनच्या पट्ट्या घरात असतील तर त्या इथेच राहू द्या, २०२० मध्ये युरोप आणि अमेरिकेत ते बाजारातून काढून घेतलं. आणि कोणी ‘गॅस’साठी क्लोरडायझेपॉक्साइड असलेली कॅप्सूल लिहून दिली असेल तर पाकिटावर नीट वाचा. ती झोपेच्या गोळ्यांच्या कुळातली आहे, आणि दुबई किंवा अबू धाबीला विमान बदलणाऱ्याने ती खिशात ठेवणं शहाणपणाचं नाही.

अजून एक सवय, जिच्याबद्दल लोक लाजून बोलत नाहीत: सकाळी बोटं घालून किंवा मीठपाणी पिऊन ‘पित्त पाडणं’. पाडल्यावर हलकं वाटतं हे खरं, पण रोजच्या रोज आम्ल दातांवरून आणि अन्ननलिकेवरून नेलं की दात झिजतात आणि जळजळीचं कारण आपणच तयार करतो. करत असाल तर बंद करा.

आता खाणं. तुम्ही तिथल्या खाण्याबद्दल विचारलंत, पण तिथे जाऊन बिघडलेले माझे बहुतेक पेशंट तिथल्या खाण्याने बिघडलेले नाहीत. ते तिथे जाऊन आपलंच खातात, फक्त वेळा फिरतात. मी स्वतः यातून गेलोय. २००३ मध्ये प्रशिक्षणासाठी वर्षभर उत्तर इंग्लंडात होतो. पाळी संपवून रात्री अकराला खोलीवर यायचो, कुकर लावायचो, वरण-भात, त्यावर लिंबाचं लोणचं, आणि साडेबाराला आडवा. नोव्हेंबरमधल्या एका रात्री छातीत असं दाटून आलं की मी पलंगावर उठून बसलो, घाम फुटलेला. पोटाचा डॉक्टर मी, तरी त्या क्षणी मनात एकच विचार, हार्ट अटॅक. शेजारच्या खोलीतल्या केरळी सहकाऱ्याला उठवलं, त्याने मला वॉर्डात नेऊन ईसीजी काढला. सरळ होता. तो म्हणाला, ‘काय जेवलास?’ मी लोणच्याचं नाव घेतलं तसा तो हसायला लागला. दुसऱ्या दिवशी मी माझी व्हीआयपीची कडक बॅग गादीखाली, डोक्याच्या बाजूला सरकवली आणि वर्षभर त्या उतारावर झोपलो. मुख्य म्हणजे जेवण दवाखान्याच्या कँटीनमध्ये सहाला उरकायला लागलो. लोणचं सोडलं नाही. त्रास गेला.

जर्मनांची एक पद्धत तुमच्या फार कामाची आहे. त्यांचं गरम जेवण दुपारी, कँटीनमध्ये साडेअकरा-बारालाच सुरू होतं. संध्याकाळी सहा-सातला पाव, चीज, काकडी, असलं थंड आणि हलकं खातात. आपले लोक याला नाकं मुरडतात. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, अंधारात घरी येऊन एकट्याने पाव चावणं कसं वाटतं मला माहीत आहे. म्हणून उलटं करा: आपलं खाणं, त्यांची वेळ. रविवारी दोन-तीन भाज्या, वरण करून ठेवा, संध्याकाळी आल्या आल्या गरम करून साडेसहा-सातला जेवा, आणि झोपण्यात तीन तासांचं अंतर ठेवा. पुण्याशी व्हिडिओ कॉल जेवणानंतर ठेवा. तिथले सात म्हणजे घरचे साडेदहा-साडेअकरा, आई जाग्या असतीलच. कॉल संपल्यावर जेवू म्हणणारी मुलं दहाला जेवतात.

मिसळ, तर्री, मिरच्या यांच्यावर मी सरसकट बंदी घालत नाही. तिखटाने ज्याचं त्याचं जळतं, तुमचं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. तेल-तूप जास्त असलं की पोट उशिरा रिकामं होतं, हे मात्र सगळ्यांना लागू. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर दाण्याचं कूट आणि बटाट्याचा कीस चढवून ‘उपासाने पित्त झालं’ म्हणणाऱ्यांना मी काही बोलत नाही. कोकमाबद्दलही वाद घालणार नाही. ज्यांना सोलकढी मानवते त्यांनी घ्यावी, पण अन्ननलिका आधीच सोललेली असेल तर आंबट काहीही झोंबणारच. थंड दुधाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, तासाभराने पोट पुन्हा आम्ल करतं.

तिथे मात्र दोन गोष्टी नकळत बाधतात. पहिली, पाणी. हॉटेलात किंवा मीटिंगमध्ये ‘वासर’ मागितलं की बहुतेकदा बुडबुड्यांचं सोड्यासारखं पाणी येतं, दुकानातल्या बाटल्याही निम्म्याहून जास्त तसल्याच. दिवसभर ते पीत राहिलात की पोट फुगतं, आणि फुगलेल्या पोटाने झडप उघडते हे वर सांगितलं. साधं हवं तर ‘श्टिल’ म्हणा, किंवा नळाचं प्या, चांगलं असतं. बीअरला हेच दुहेरी लागू: बुडबुडे अधिक दारू. दुसरी, पेपरमिंटचा चहा. पोट बिघडलं म्हणालात की सहकारी प्रेमाने तोच देतील. पोटातल्या कळांना तो बरा, पण पुदिन्याने झडप सैल पडते, तुमच्यासाठी नको. त्याच फळीवर बडीशेप, जिऱ्यासारखं शहाजिरं आणि अ‍ॅनिस घातलेला चहा असतो, तो घ्या, चव आपल्या ओव्या-बडीशेपेच्या पाण्याच्या जवळची. कॉफी सुरुवातीला दोन कप. इथे अमृततुल्यचे सहा कटिंग चालत असतील तर तेही धरायचे होते, पण ते आपोआप सुटतील.

स्टुटगार्टचं खास म्हणजे केझेश्पेट्सले: शेवयांसारखी मऊ पिठाची गिळगिळीत कणी, भरपूर चीज, वर तळलेला कांदा. शाकाहारी असाल तर तुम्हाला ते वारंवार देतील. दुपारी खा.

झोपण्याचं. डावी कूस. जठर डावीकडे लोंबतं, त्या कुशीवर आम्ल खाली साठतं आणि झडप वर राहते. उजव्या कुशीवर नेमकं उलटं. पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर वर. इथे मी पायांखाली विटा ठेवायला सांगतो, तिथे घरमालक विटा पाहून घाबरेल, म्हणून उतरती उशी घ्या, काइलकिसन म्हणून मिळते. दोन उशा एकावर एक नकोत, त्याने मान वर जाते, पोट दुमडतं आणि दाब वाढतो. पट्टा आणि थर्मलची घट्ट इलॅस्टिक संध्याकाळी सैल करा. वजन पहिल्या हिवाळ्यात वाढतंच, चार-पाच किलो वाढले की गेलेली जळजळ परत येते. शीर्षासन करणारे पुण्यात बरेच आहेत. तुम्ही त्यांतले असाल तर ते आणि जोराची कपालभाती जेवणाच्या आसपास नको. पोटाने सावकाश श्वास घेण्याचा सराव मात्र ठेवा. श्वासपटल म्हणजे झडपेभोवतीचा दुसरा स्नायू, त्याला व्यायाम झाला की फायदा होतो.

शाकाहारी असाल तर जाण्याआधी बी-१२ तपासाच. आपल्या पुण्यात ही कमतरता किती खोलवर आहे हे केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवून दिलंय, आणि आम्ल दाबणारी गोळी अन्नातलं बी-१२ सुटू देत नाही. दोन्ही एकत्र आलं की हातापायांना मुंग्या येतात आणि तिथला डॉक्टर दुसरीकडेच शोधत बसतो.

धोक्याच्या खुणा थोडक्यात: घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, तपासणीत हिमोग्लोबिन कमी. यांपैकी काही असेल तर गोळी वाढवून वाट बघू नका, दुर्बीण करा. आणि छातीतलं दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे जात असेल, चालताना किंवा जिन्यावर वाढत असेल, घाम येत असेल, तर ते पित्त आहे असं मानू नका. आपल्याकडे तिशी-चाळिशीतली माणसं ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पीत बसतात आणि उशीर करतात. माझा ईसीजी सरळ निघाला हे माझं नशीब. काढला हे बरोबर केलं. जर्मनीत अशा वेळी ११२. रात्री-रविवारी डॉक्टर हवा, पण जिवावरचं नाही, तर ११६११७. आपोथेके रविवारी बंद असतात, पण पाळीने एक उघडी असते, तिचा पत्ता प्रत्येक बंद दुकानाच्या दारावर लावलेला असतो.

कागद: डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र, त्यात औषधांची मूळ नावं आणि मात्रा, ब्रँड नाही. दुर्बिणीचा रिपोर्ट फोटोंसकट, बायोप्सी झाली असेल तर तीही. गोळ्या मूळ पट्ट्यांत, डबीत सुट्या काढून नाही, आणि हातातल्या सामानात. बॅग चुकून दुसऱ्या शहरात गेली तर निदान पहिला आठवडा निघेल.

शेवटचं म्हणजे निघण्याचा दिवस, ज्याचा विचार कोणी करत नाही. मुंबईहून युरोपला जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर. म्हणजे गाडी पुण्यातून संध्याकाळी सहा-सातला निघणार. त्याआधी पाचला घरात पान मांडलेलं असतं: पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी, भजी, आणि मामा-मावशी ‘आता कधी मिळणार’ म्हणून वाढतायत. मग तासाभराने तुम्ही पट्टा आवळून खंडाळ्याचा घाट उतरणार, आणि रात्री दोनला विमानात पुन्हा ट्रे येणार. माझ्या दोन पेशंटनी फ्रँकफर्टला उतरून पहिलं काय केलं, तर जळजळीचं औषध शोधलं. पुरणाचं जेवण दुपारी बाराला करा, पोटभर करा. संध्याकाळी निघताना मुगाची मऊ खिचडी, ताटली लहान. विमानातला दोनचा ट्रे नाही म्हणा आणि खुर्ची थोडीच मागे घ्या. आई वेळ बदलायला तयार होणार नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा.